मोगरा लावायचाय? मग आधी मे महिन्यात विहीर मोजा

कसारा (वार्ताहर) : होळी झाली की आमच्या घरात पहाटे चारला बॅटऱ्या लागतात. उजाडायच्या आत मोगऱ्याच्या कळ्या खुडून ओल्या फडक्यात बांधायच्या आणि कल्याणकडे जाणारी लोकल गाठायची. भात निघाल्यावर आपल्या शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरून कितीतरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात, पोरांची शाळा अर्धवट राहते. अशा वेळी घराजवळ दोन-चार गुंठे मोगरा असला तर उन्हाळ्याचे तीन महिने रोजचा पैसा गावातच मिळतो. म्हणून हल्ली बरेच जण फोन करून विचारतात, "दादा, मोगरा लावू का? किती रोपं आणू?"

रोपं किती आणायची हे बाजारभाव बघून ठरवू नका. तुमच्या विहिरीला मे महिन्यात किती पाणी असतं, त्यावर ठरवा. मी हे उलटं केलं आणि निम्म्याहून जास्त झाडं घालवली. तो किस्सा पुढे सांगतोच. आधी झाडाची ओळख.

झाड कसलं आहे

मोगरा हे बारमाही हिरवं राहणारं झुडूप आहे. शास्त्रीय नाव जॅस्मिनम सॅम्बॅक. जाई, जुई, चमेली ही त्याचीच भावंडं, पण त्या वेली आहेत, त्यांना मांडव लागतो. मोगऱ्याला मांडव लागत नाही. छाटणी वेळेवर केली तर झाड कमरेएवढं राहतं आणि दहा-बारा वर्षं चांगलं फुलतं. तामिळनाडूत मदुराईचा मोगरा प्रसिद्ध आहे, त्याला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. फिलिपाईन्स देशाचं तर हे राष्ट्रीय फूल आहे. आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे विक्रमगड आणि जव्हार. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत हे तालुके आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. तिथली जमीन, पाऊस, डोंगरउतार सगळं आपल्यासारखंच. तिथे आदिवासी शेतकरी मोगरा करतात आणि त्यांचा माल दादरच्या फुलबाजारात जातो. म्हणजे हे पीक आपल्या मातीत येतं, यात शंका नाही.

जाती म्हणाल तर एकेरी पाकळीचा, दुहेरी पाकळीचा आणि गोल टपोऱ्या कळीचा बटमोगरा असे प्रकार आहेत. विक्रमगडकडे 'बेंगलोरी मोगरा' जास्त लावतात. विक्रीसाठी लावायचा तर कळी टपोरी, देठ मजबूत आणि खुडल्यावर उशिरा उमलणारी जात घ्या, कारण गजरा कळीचा होतो, उमललेल्या फुलाचा नाही. हजारी मोगऱ्याला खूप पाकळ्या असतात, दारात शोभतो, पण बाजारासाठी लावू नका.

माझी चूक

मी पहिल्यांदा ३५० रोपं लावली. पहिला उन्हाळा मजेत गेला. लहान रोपाला दिवसाला दोन लिटर पाणी पुरतं, म्हणजे सगळ्यांना मिळून सातशे लिटर. विहीर तेवढं देत होती. मला वाटलं, जमलं. दुसरा उन्हाळा कसाबसा ओढला. तिसऱ्या वर्षी झाडं मोठी झाली, फुलं लागली, दोन पैसे दिसायला लागले आणि एप्रिल संपता संपता विहिरीने तळ दाखवला. मोठ्या झाडाला आपल्या मुरमाड जमिनीत उन्हाळ्यात दिवसाला पाचेक लिटर पाणी लागतं, तेही ठिबक आणि आच्छादन असेल तर. ३५० झाडांना साडेसतराशे लिटर झाले. विहिरीत ते नव्हतंच. ऐन लग्नसराईत, भाव चांगला असताना, झाडं डोळ्यांसमोर वाळली. १४० च्या आसपास वाचली.

नंतर हिशेब केला तेव्हा कळलं, माझ्या विहिरीला परवडणारी झाडं तेवढीच होती. हा हिशेब रोपं आणायच्या आधी केला असता तर खड्डे, खत, रोपं आणि तीन वर्षांची मेहनत वाचली असती.

आपल्या तालुक्यात तानसा आणि भातसाची धरणं आहेत, तिथलं पाणी मुंबईला जातं आणि आपल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. हे सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे 'पाऊस तर भरपूर पडतो' या भरवशावर मोगरा लावू नका. मोगऱ्याला पाणी लागतं ते फेब्रुवारी ते मे, म्हणजे आपल्याकडे नसतं तेव्हाच.

विहीर कशी मोजायची

मे महिन्याच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्यात एक दिवस निवडा. घरचं आणि गुरांचं पाणी आदल्या दिवशी भरून ठेवा. सकाळी पंप लावून रोजच्याएवढं पाणी खाली न्या. दोरीला दगड बांधून पाण्याची पातळी बघा आणि दोरीला गाठ मारा. चोवीस तास विहिरीला हात लावू नका. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा दोरी सोडा. दोन गाठींमधलं अंतर म्हणजे दिवसात चढलेलं पाणी.

गोल विहिरीचा हिशेब असा करा, सगळी मापं फुटात :

व्यास × व्यास × चढलेलं पाणी × २२ = लिटर

माझी विहीर दहा फूट व्यासाची. मे महिन्यात दिवसाला अर्धा फूट पाणी चढतं. म्हणजे १० × १० × अर्धा × २२ = ११०० लिटर. त्यातून घर आणि गुरांसाठी ४०० लिटर काढा. राहिले ७००. भागिले ५. झाडं झाली १४०. एवढं सोपं आहे.

बोअरवेल असेल तर पाणी दोनशे लिटरच्या पिंपात सोडून मोजा. किती पिंपं भरल्यावर पंप हवा ओढायला लागतो आणि दिवसातून किती वेळा तेवढं पाणी येतं, ते वहीत लिहा. गावाच्या नळाच्या पाण्यावर मोगरा धरू नका. तुमच्या झाडासाठी कुणाच्या घरातला हंडा रिकामा राहिला तर ते बरं नव्हे.

चार फूट बाय चार फुटांवर लावलं तर गुंठ्यात ६८ झाडं बसतात. म्हणजे माझी १४० झाडं दोन गुंठ्यांत मावतात. दोन गुंठे ऐकून हसू नका. पहाटे खुडणी करायला घरात किती हात आहेत तेही बघायचं असतं. नवख्या माणसाला अर्धा किलो कळी खुडायला तासभर लागतो.

जागा आणि जमीन

भाताच्या खाचरात मोगरा लावू नका. पावसाळ्यात मुळाशी पाणी साचलं की मुळं कुजतात आणि झाड उभ्याउभ्या पिवळं पडून जातं. वरकस जमीन, थोडा उतार, तांबडी किंवा मुरूम मिसळलेली माती चांगली. दिवसभर ऊन हवं. आंब्याच्या किंवा सागाच्या सावलीत झाड हिरवंगार दिसेल, पण फूल देणार नाही.

दोन गोष्टी आपल्याकडच्या खास. एक, भात कापलं की गुरं-शेळ्या मोकाट सुटतात. छाटणीनंतरचा कोवळा फुटवा शेळीने एका दुपारी साफ केला तर त्या हंगामाचं फूल गेलं. त्यामुळे कुंपण आधी, रोपं नंतर. दुसरी, वणवा. फेब्रुवारीपासून डोंगराला आगी लागतात. बागेभोवती पाच-सहा फुटांचा पट्टा गवत काढून साफ ठेवा, नाहीतर झाडाखालचं वाळलेलं आच्छादनच पेट घेईल.

लागवड

एप्रिल-मेमध्ये दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डे काढून उन्हात तापू द्या. भरताना वरची चांगली माती, दोन पाट्या चांगलं कुजलेलं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड मिसळा. पेंडीमुळे वाळवीला थोडा आळा बसतो. कच्चं शेण घालू नका, वाळवी हमखास येते.

पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाले की जूनच्या शेवटी किंवा जुलैत रोप लावा. खड्डा जमिनीपेक्षा थोडा उंच भरा, म्हणजे पाणी बाजूला निघून जातं. रोप घेताना पिशवी हातात घेऊन बघा. पांढरी मुळं दिसायला हवीत, खोड पेन्सिलीएवढं हवं, पानांच्या मागे जाळी किंवा पांढरे किडे नकोत. एका रोपवाल्याने मला 'सगळी एकाच जातीची' सांगून मिसळ रोपं दिली होती. फुलं लागल्यावरच ते कळलं. जमल्यास फुलावर असलेल्या बागेतूनच काडी आणा.

रोपं घरी करणंही अवघड नाही. पावसाळ्यात पक्क्या फांदीची वीतभर काडी घ्या, तिला तीन डोळे असावेत. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरपा द्या, मूळ फुटण्याची पावडर लावा आणि सावलीत वाळू-माती भरलेल्या पिशवीत दोन डोळे आत जातील अशी खोचा. महिना-दीड महिन्यात मुळं धरतात. दुसरा मार्ग दाब कलमाचा. जमिनीलगतची फांदी वाकवून मधला भाग मातीत पुरा, वर दगड ठेवा. मुळं फुटली की कापून वेगळी करा. दहा-वीस झाडं वाढवायची तर दाब कलम सर्वात खात्रीचं.

खरं काम छाटणीचं

मोगऱ्याला फूल नव्या फुटव्यावर येतं. छाटलं नाही तर झाड नुसतं उंच वाढतं आणि शेंड्याला चार फुलं देतं. पहिल्या वर्षी फुलांच्या मागे लागू नका, शेंडे खुडून झाड पसरू द्या. दुसऱ्या वर्षापासून फूल घ्या. तिसऱ्या वर्षी झाड भरात येतं.

छाटणीआधी झाडाला विश्रांती लागते. नोव्हेंबरच्या मध्यापासून तीन-चार आठवडे पाणी तोडा. पानं थोडी मलूल होतील, घाबरू नका. डिसेंबरमध्ये जमिनीपासून दीड फुटावर झाड छाटा. वाळलेल्या, आत वळलेल्या, काडीसारख्या बारीक फांद्या बुडातून काढा. कात्री धारदार हवी. विळ्याने ओढून फांद्या सोलू नका. जाड कापांवर बोर्डो मलम लावा. मग आळं खणून खत द्या आणि पाणी सुरू करा. साधारण दीड-दोन महिन्यांत कळी दिसते.

सगळी झाडं एकाच दिवशी छाटू नका. निम्मी डिसेंबरच्या मध्यात, निम्मी जानेवारीच्या सुरुवातीला छाटली तर फुलांचा लोंढा एकदम येत नाही. घरच्या माणसांना खुडणी झेपते आणि भाव पडला तरी सगळा माल त्यात सापडत नाही.

खत किती

तामिळनाडू कृषी विद्यापीठाची शिफारस पूर्ण वाढलेल्या झाडाला वर्षाला १० किलो शेणखत, ६० ग्रॅम नत्र, १२० ग्रॅम स्फुरद आणि १२० ग्रॅम पालाश अशी आहे. हे दोन हप्त्यांत द्यायचं. दुकानातल्या खतात एका हप्त्याचं माप एका झाडाला साधारण असं येतं :

- युरिया ६५ ग्रॅम
- सिंगल सुपर फॉस्फेट ३७५ ग्रॅम
- म्युरेट ऑफ पोटॅश १०० ग्रॅम

पहिला हप्ता छाटणीनंतर शेणखतासोबत. दुसरा हप्ता आपल्याकडे जुलैच्या मुसळधार पावसात दिला तर ओढ्याला जातो. पाऊस ओसरल्यावर सप्टेंबरमध्ये द्या. लहान झाडाला याच्या तिसरा हिस्सा पुरे. युरियाचा हात सैल सोडला की पानं माजतात आणि कळी रुसते. माती परीक्षण करून घेतलं तर आणखी चांगलं.

पाणी वाचवायचे तीन उपाय

आच्छादन हा पहिला. भाताचा पेंढा किंवा पालापाचोळा झाडाभोवती चार बोटं जाड पसरा, खोडाला मात्र चिकटवू नका. दुसरा, ठिबक. नळीने आळं भरायचं तर पाणी जवळजवळ दुप्पट जातं. तिसरा, वेळ. संध्याकाळी किंवा पहाटे पाणी द्या. कळ्यांवर पाणी मारू नका, डाग पडतात.

पाणी खरोखरच कमी पडलं तर सगळ्या झाडांना थोडं थोडं देत बसू नका. निम्मी झाडं फुलांवर ठेवा. उरलेली थोडी छाटून, आच्छादन वाढवून, जगण्यापुरत्या पाण्यावर ठेवा. मी तिसऱ्या वर्षी सगळ्यांना अर्धं अर्धं दिलं. त्यात फूलही गेलं आणि झाडंही गेली.

रोग आणि कीड

कळीला भोक, कळ्या जाळीने एकमेकींना चिकटलेल्या : कळी पोखरणारी अळी. अशा कळ्या खुडून खोल पुरा. तिथेच खाली टाकू नका.

कळी बुडाशी सुजलेली, गुलाबी-जांभळी होऊन वाळते : कळीमाशी. तिची पिढी झाडाखालच्या मातीत वाढते. खराब कळ्या रोज वेचा, आळ्यातली माती हलवत राहा.

पानांच्या मागे बारीक जाळी, पान फिकट : लाल कोळी. उन्हाळ्यात पाण्याचा ताण पडला की वाढते. पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम घेऊन सकाळी किंवा संध्याकाळी फवारा. भर उन्हात गंधक मारलं तर पानं भाजतात.

पान पिवळं, शिरा हिरव्या : लोहाची कमतरता. हिराकस लिटरला पाच ग्रॅम फवारा.

झाड एकाएकी मलूल, खोडाशी माती ओली : मूळकूज. चर काढून पाणी बाहेर काढा. मेलेलं झाड मुळासकट उपटून जाळा आणि त्या खड्ड्यात लगेच दुसरं लावू नका.

अळी-माशीवर सुरुवातीलाच निंबोळी अर्क मारा. अर्धा किलो निंबोळी पावडर रात्रभर भिजवून, गाळून, दहा लिटर पाणी करायचं. त्यापुढे रासायनिक औषध लागलंच तर कृषी सहाय्यकाला कीड दाखवून औषध आणि माप विचारा. फुलं खुडायच्या दिवसांत विषारी फवारणी टाळा. ही कळी बायका केसात माळतात, देवाला वाहतात आणि आपलीच पोरं हातांनी खुडतात.

खुडणी आणि बाजार

पूर्ण वाढलेली, पांढरी झालेली, पण न उमललेली कळी सूर्य उगवायच्या आत खुडायची. हिरवट कळी वजनाला कमी भरते. उमललेलं फूल बाजारापर्यंत टिकत नाही. अंधारात हात घालताना बॅटरी आणि पायात बूट हवेतच. आच्छादनाखाली विंचू असतो, फुरसं असतं. आधी काठीने पाला हलवा.

कळी प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, गरम होऊन लाल पडते. बांबूची करंडी आणि पिळून घेतलेलं ओलं सुती फडकं हेच उत्तम. कसाऱ्याहून कल्याण रेल्वेने ६७ किलोमीटर आहे, पुढे त्याच गाडीने दादर. करंडी मालडब्यात ठेवायची. मुरबाडला रेल्वे नाही, तिथल्यांना पहाटेच्या गाडीने किंवा टेम्पोने कल्याण गाठावं लागतं. चार-पाच घरांनी मिळून पाळीने एकच माणूस पाठवला तर भाडं आणि झोप दोन्ही वाचतं.

भाव रोज बदलतो. थंडीत माल कमी, भाव चढा. एप्रिल-मेमध्ये माल वाढला की उतरतो, लग्नाच्या मोठ्या तिथीला पुन्हा उचलतो. त्यामुळे 'किलोला एवढे मिळाले' असं एखाद्याने एका दिवसाचं सांगितलं तर त्यावर वर्षाचा हिशेब मांडू नका. रोजचं वजन, भाव, हमाली आणि प्रवासखर्च वहीत लिहा. व्यापाऱ्याकडून हिशेबपट्टी मागून घ्या.

रोजगार हमी योजनेतून मोगरा लागवडीला मदत देण्याची तरतूद राज्यात झालेली आहे. जॉबकार्ड, सातबारा किंवा वनपट्टा, आधार आणि बँक पासबुक घेऊन ग्रामपंचायतीत किंवा कृषी सहाय्यकाकडे चालू नियम विचारा. मदत मिळते म्हणून मात्र झाडं वाढवू नका. मेलेल्या झाडाला कुठलीच योजना पाणी घालत नाही.

दारात एकच झाड असेल तर

शेती नसली तरी दारात एक मोगरा सगळ्यांना परवडतो. भांडी घासलेलं साबणाचं पाणी नको, पण तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी चालतं. कुंडी निदान बारा इंचांची, खाली भोक असलेली घ्या. ऊन पाच-सहा तास हवंच. डिसेंबर-जानेवारीत निम्म्यापर्यंत छाटा, दोन ओंजळी शेणखत द्या. फूल येत नाही अशी तक्रार असेल तर तीन गोष्टी तपासा : सावली, न केलेली छाटणी आणि जास्त झालेला युरिया.

वर्षभराचं कामाचं वेळापत्रक

- एप्रिल-मे : विहीर मोजा, खड्डे काढा, फुलं खुडा
- जून-जुलै : लागवड, काड्या लावणं, दाब कलम, चर काढणं
- ऑगस्ट : तण काढणं, मूळकुजीवर लक्ष
- सप्टेंबर-ऑक्टोबर : खताचा दुसरा हप्ता, कुंपण दुरुस्ती
- नोव्हेंबर : महिन्याच्या मध्यापासून पाणी बंद
- डिसेंबर-जानेवारी : दोन टप्प्यांत छाटणी, शेणखत, पाणी सुरू, पेंढ्याचं आच्छादन
- फेब्रुवारी-मार्च : वणव्यासाठी पट्टा साफ, पहिली खुडणी

माझी १४० झाडं लक्षाधीश करणारी नाहीत. पण उन्हाळ्यात घर सोडून जायची वेळ आता येत नाही, किराणा उधार राहत नाही. शेजारच्या पाड्यावरच्या एका ताईंनी मागच्या वर्षी विचारलं तेव्हा त्यांना आधी दोरी आणि दगड घेऊन विहिरीवर पाठवलं. त्यांच्या हिशेबात ६० झाडं बसली. त्यांनी ६०च लावली. पहिला उन्हाळा गेला, एकही मेलं नाही.

तुम्हीही तेच करा. दोरी घरात असते, दगड बांधावर पडलेला असतो. रोपांची ऑर्डर त्यानंतर.